शेवटचं सेमिस्टर संपत आलं की भोर-वेल्ह्याच्या पोरांच्या पोटात गोळा का येतो?

एप्रिल-मे महिना. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षा तोंडावर असतात. इन्स्टाग्राम उघडलं की फेअरवेलच्या रील्सचा पाऊस. साड्या, ब्लेझर, ग्रुप फोटो, मागे एखादं हळवं गाणं आणि खाली ‘लास्ट डे’.

रील तीस सेकंदांची असते. ती टाकून झाली की तीच पोरं-पोरी भोरच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसतात. तिथं विषय वेगळे असतात. पास कधी संपतोय, पुण्यातली कॉट ठेवायची की सोडायची, घरी काय सांगायचं.

या काळातल्या भावनांबद्दल बोलायचं झालं की आपण पटकन ‘कॉलेजचे दिवस संपले म्हणून वाईट वाटतं’ असं म्हणून मोकळे होतो. ते वाटतंच. पण भोर आणि वेल्हे तालुक्यातल्या मुलांच्या पोटात जो गोळा येतो, त्यात आठवणी कमी आणि हिशोब जास्त असतो. पदवी मिळते, त्याच वेळी ‘विद्यार्थी’ हा दर्जा जातो. आणि या दर्जावर काय काय टिकून होतं, हे तो गेल्यावरच कळतं.

हेच नीट समजून घेऊ.

आधी जागा समजून घ्या

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येचे, सह्याद्रीला टेकलेले दोन तालुके. वेल्हे तालुक्याचं नाव ‘राजगड’ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, पण बोलताना लोकांच्या तोंडात अजून वेल्हंच आहे. २०११ च्या जनगणनेत भोरची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार होती, तर वेल्ह्याची जेमतेम साडेचौपन्न हजार. ९४ लाखांच्या पुणे जिल्ह्यात सगळ्यात कमी माणसं याच तालुक्यात राहतात.

नकाशावर पुणे जवळ दिसतं. भोरहून पुणे पन्नासेक किलोमीटर. पण गाव भोर शहरात असणं वेगळं आणि भाटघर किंवा नीरा देवघर धरणाच्या मागच्या बाजूला असणं वेगळं. तिथून आधी फाट्यापर्यंत चालत किंवा कुणाच्या तरी गाडीवर, मग एसटी, मग कॉलेज. संध्याकाळची शेवटची गाडी चुकली की प्रश्न.

भोरमध्ये राजगड ज्ञानपीठाचं अनंतराव थोपटे महाविद्यालय आहे, धांगवडीला इंजिनिअरिंग आहे. बाकीची बरीच मुलं पुण्यात हॉस्टेलवर, नातेवाइकांकडे किंवा कॉट बेसिसवर राहून शिकतात. यातल्या अनेकांच्या घरात ही पहिलीच पदवी असते.

‘पहिली पदवी’ ऐकायला छान वाटतं, पण त्याचा एक अर्थ असाही आहे की बारावीपर्यंत, फार तर कॉलेजच्या ॲडमिशनपर्यंत घरच्यांना रस्ता माहीत असतो. त्यापुढचा रस्ता घरातल्या कुणीच पाहिलेला नसतो. शहरातल्या मुलाला बाबा, काका, आत्या, सोसायटीतला दादा असे चार जण काहीतरी सांगू शकतात. इथं आई-वडील विश्वासाने म्हणतात, “तुला जे बरं वाटेल ते कर.” हा पाठिंबा असतो, पण एकवीस वर्षांच्या मुलाला त्याचंच ओझं होतं. कारण चुकलं तर निर्णय त्याचा एकट्याचा.

‘विद्यार्थी’ असण्याची किंमत किती?

आता मुद्द्यावर येऊ. विद्यार्थी असणं म्हणजे वर्गात बसणं एवढंच नसतं. त्याला सरकारी आणि सामाजिक अशा दोन्ही सवलती चिकटलेल्या असतात.

पहिली, एसटीचा पास. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे साधारण एक-तृतीयांश पैसे भरायचे. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत असतो, कॉलेजला गेल्यावर तो सवलतीचा होतो.

समजा, तुमच्या गावापासून पूर्ण तिकीट एका बाजूचं १०० रुपये आहे. महिन्याचे २५ दिवस जाऊन-येऊन झाले ५,००० रुपये. विद्यार्थी असाल तर साधारण १,६५० रुपयांत भागतं. पदवी झाली, पास संपला. आता तोच मुलगा त्याच गाडीने नोकरी शोधायला किंवा क्लासला गेला, तर ५,००० रुपये. मुलगी असेल तर मार्च २०२३ पासून महिलांना मिळणाऱ्या अर्ध्या तिकिटाच्या सवलतीमुळे २,५००. त्यात जानेवारी २०२५ मध्ये एसटीची भाडेवाढ झाली, जवळपास १५ टक्क्यांची.

म्हणजे गंमत बघा. कमाई सुरू झालेली नाही, प्रवास तोच आहे, पण खर्च तिप्पट झाला.

दुसरी, राहण्याची सोय. सरकारी वसतिगृह असो, कॉलेजचं हॉस्टेल असो किंवा संस्थेचं, प्रवेश चालू शिक्षणावर असतो. पुण्यात १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्थेमुळे खेड्यातली हजारो मुलं शहरात राहून शिकू शकली. पण हॉस्टेल कुठलंही असलं, तरी शिक्षण संपलं की पुढच्या मुलासाठी जागा रिकामी करावी लागते. ते बरोबरच आहे. प्रश्न एवढाच की परीक्षेचा शेवटचा पेपर आणि खोलीचा शेवटचा दिवस जवळजवळ एकाच वेळी येतात.

तिसरी, शिष्यवृत्ती आणि ‘कमवा व शिका’. विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयात, ऑफिसात, बागेत काही तास काम करून मुलं स्वतःचा मेसचा खर्च काढतात. तीही विद्यार्थ्यांसाठीच. पदवी मिळाली की हा छोटा पण खात्रीचा पैसा थांबतो.

आणि चौथी सवलत कुठल्याच जीआरमध्ये लिहिलेली नाही. ती म्हणजे एक वाक्य: “शिकतोय अजून.”

हे वाक्य काय करतं?

चैत्र-वैशाखात गावोगावी जत्रा असतात. पुण्या-मुंबईला असलेले गावकरी येतात, पालखी निघते, मटणाचं जेवण होतं. आणि ओट्यावर बसलेले काका विचारतात, “काय रे, काय करतोस सध्या?”

तीन वर्षं याचं उत्तर तयार होतं. “बी.कॉम. करतोय.” विषय संपायचा. आता त्याच काकांचा पुढचा प्रश्न असतो, “मग आता पुढं काय?”

विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. बहुतेकदा त्याला दुसरं काही विचारायला सुचत नाही म्हणून तो विचारतो. पण ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याला तो प्रश्न जत्रेत पाच वेळा ऐकावा लागतो. मग मुलं जत्रेत मागं-मागं राहतात, पाहुणे आले की रानात जातात, फोन कानाला लावतात. घरच्यांना वाटतं पोरगं एकलकोंडं झालंय.

परीक्षा आणि निकाल यांच्यामधला काळ तर आणखी विचित्र. पेपर संपलेले, निकाल नाही, त्यामुळे कुठं अर्ज करायचा तर ‘अपिअर्ड’ लिहायचं की नाही याचाही गोंधळ. निकाल लागेपर्यंत भातलावणी आलेली असते. चिखलात उभं राहून रोपं लावताना हातात पदवी आहे की नाही, याने काही फरक पडत नाही. घरचं काम केल्याचं समाधान असतं, आणि ‘याच्यासाठी शिकलो का?’ हा विचारही असतो. हा विचार आला म्हणून पुन्हा अपराधी वाटतं, कारण त्याच भातावर आणि दुधावर फी भरलेली असते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० मध्ये १८ ते २५ या वयाबद्दल एक मांडणी केली. त्यांचं म्हणणं होतं की हा काळ ना किशोरवयाचा ना पूर्ण प्रौढपणाचा. या वयात माणूस वेगवेगळ्या शक्यता चाचपून पाहतो, त्याला अस्थिर वाटतं आणि आपण मध्येच कुठेतरी आहोत असंही वाटतं. जगभर ही मांडणी गाजली. तिच्यावर एक आक्षेपही घेतला गेला: चाचपून पाहायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे कुणीतरी भरावे लागतात. ज्याच्या घरी ते भरायला कुणी नाही, त्याच्यासाठी ‘शोधण्याचा काळ’ लवकर संपतो.

भोर-वेल्ह्यातला प्रश्न नेमका हाच आहे. अस्थिर वाटणं सगळ्यांच्या वाट्याला येतं, पण ते किती महिने परवडेल हे घरागणिक बदलतं.

मुलींसाठी हे गणित आणखी कडक

मुलगा “शिकतोय” म्हणतो तेव्हा तो नोकरीचा प्रश्न पुढं ढकलत असतो. मुलगी “शिकत्येय” म्हणते तेव्हा ती बऱ्याचदा लग्नाचा प्रश्न पुढं ढकलत असते.

कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय १८ आहे. ते २१ करण्याचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर ते रद्द झालं. त्यामुळे १८ ते २१ या तीन वर्षांत मुलीकडे कायद्याची ढाल नसते, असते ती कॉलेजची. “ग्रॅज्युएशन होऊ द्या, मग बघू” असं आई-वडीलच स्थळ आणणाऱ्यांना सांगतात. बरेच पालक हे मनापासून सांगतात आणि शब्द पाळतातही.

पण ‘मग बघू’मधला ‘मग’ शेवटच्या पेपरला येऊन थांबतो. म्हणून वर्गातली हुशार मुलगी एम.ए.चा किंवा बी.एड.चा फॉर्म भरते तेव्हा दर वेळी तिला तो विषयच आवडलेला असतो असं नाही. तिला दोन वर्षं हवी असतात. आणि फॉर्म भरायला घरून परवानगी मिळाली नाही, तर तिच्यासाठी फेअरवेल हा खरोखरच निरोप असतो. मैत्रिणींचा आणि रोज एकटीने एसटीने जाण्याचाही. फेअरवेलच्या रीलमध्ये सगळ्यात जास्त कोण रडतंय, ते पुन्हा एकदा बघा.

“एक वर्ष तयारी करतो”: हा निर्णय की पळवाट?

‘विद्यार्थी’ हा दर्जा टिकवायचा सगळ्यात ओळखीचा मार्ग म्हणजे स्पर्धा परीक्षा. कॉलेज संपलं तरी “एमपीएससी करतोय” म्हटलं की जत्रेतल्या काकांना उत्तर मिळतं. घरालाही आशा असते. आणि सदाशिव पेठ, शास्त्री रोडच्या अभ्यासिका भोरपासून तशा जवळच.

यात चूक काहीच नाही. अनेक घरं याच वाटेने वर आली आहेत. पण आकडे समोर ठेवून निर्णय घ्यायला हवा.

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदं होती आणि अर्ज आले दहा लाखांहून जास्त. एका जागेमागे दोनशेपेक्षा जास्त अर्ज. खुल्या गटाला फी होती १,००० रुपये. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले. एकाच उमेदवाराने एकापेक्षा जास्त पदांसाठी केलेले अर्जही त्यात असतात, पण गर्दीचा अंदाज यायला एवढं पुरे. शिवाय पोलीस शिपाई पदासाठी बारावी पास चालतं. म्हणजे तिथं पदवीधर आणि बारावी पास एकाच मैदानावर धावतात.

दुसरी गोष्ट वेळेची. २०२४ ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा मूळ वेळापत्रकाप्रमाणे एप्रिलमध्ये व्हायची होती. ती पुढं गेली. मग २५ ऑगस्ट ठरली, तर त्याच दिवशी बँकांच्या क्लार्क भरतीची आयबीपीएस परीक्षा. पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले, आयोगाने परीक्षा पुन्हा पुढं ढकलली, आणि ती झाली १ डिसेंबर २०२४ ला. आंदोलनाची मागणी योग्यच होती. पण एप्रिल ते डिसेंबर म्हणजे आठ महिने. पुण्यात कॉट घेऊन राहणाऱ्या पोराच्या घरी याचा अर्थ आठ महिन्यांचं भाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी. ‘एक वर्ष’ कुठल्या कुठं जातं ते असं. त्यात मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा बदल २०२५ पासून, म्हणजे जुन्या पद्धतीने तयारी केलेल्यांना पुन्हा नव्याने सुरुवात.

तिसरी गोष्ट वयाची. राज्य सेवेसाठी खुल्या गटाची कमाल वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. पोलीस शिपाई पदासाठी ती २८ आणि ३३. ३८ हा आकडा दिलासा वाटतो, पण ‘अजून वेळ आहे’ असं म्हणत थांबून राहायला तोच कारण होतो. परीक्षा सोडायची तारीख आयोग ठरवून देत नाही, ती आपण ठरवायची असते.

आणि हा प्रश्न आळसाचा नाही, हेही लक्षात घ्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये भारतातल्या पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारीचा दर २९.१ टक्के होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये तो ३.४ टक्के. याचा अर्थ शिक्षण वाया जातं असा नाही. न शिकलेल्याला घरी बसणं परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. शिकलेला आपल्या शिक्षणाला शोभेल असं काम शोधत थांबतो, आणि तसं काम पुरेसं नाही.

भोर परिसरात हे डोळ्यांनी दिसतं. खेड शिवापूर, शिरवळ पट्ट्यात कंपन्या आहेत. पण शॉप फ्लोअरला आयटीआय, डिप्लोमा लागतो. बी.ए. झालेल्याला तिथं बारावीवाल्याच्याच रांगेत, कंत्राटदारामार्फत उभं राहावं लागतं. “मग तीन वर्षं कशाला?” हा प्रश्न तिथं येतो.

आता चौथं वर्षही आलंय

या सगळ्यात एक नवा बदल झालाय आणि त्याबद्दल मुलांमध्ये बराच गोंधळ आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार पदवीची रचना बदलली. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांमध्ये ती २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांमध्ये २०२४-२५ पासून लागू झाली. म्हणजे संलग्न कॉलेजात २०२३ ला प्रवेश घेऊन २०२६ मध्ये पदवी घेणारी मुलं ही जुन्या रचनेतली शेवटची नियमित तुकडी. त्यांच्या मागची, २०२४ ची तुकडी २०२७ मध्ये तीन वर्षं पूर्ण करेल तेव्हा तिच्यासमोर निवड असेल: तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडायचं, की चौथं वर्ष करून ‘ऑनर्स’ घ्यायचं.

यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० क्रेडिट लागतात. तीन वर्षांनंतर पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचं, चार वर्षांनंतर ते एक वर्षात करता येतं. म्हणजे एम.ए., एम.कॉम. करायचंच असेल तर एकूण वर्षं पाचच. चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय हवा असेल, तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के गुण असावे लागतात.

एक लक्षात ठेवा. तलाठीसारख्या पदांसाठी किंवा राज्यसेवेसाठी पदवी लागते, ऑनर्स लागत नाही. आणि चौथं वर्ष प्रत्येक कॉलेजात प्रत्येक विषयाला असेलच असं नाही. भोरच्या मुलीला त्यासाठी पुण्याला जावं लागलं, तर हा निर्णय फक्त शैक्षणिक राहत नाही, तो घराच्या परवानगीचा आणि खर्चाचाही होतो. दुसरीकडे, आपल्याच कॉलेजात चौथं वर्ष असेल तर पास, शिष्यवृत्ती आणि “शिकत्येय” हे वाक्य या तिन्ही गोष्टी आणखी वर्षभर मिळतात. त्यामुळे अनेक मुलं-मुली चौथं वर्ष अभ्यासासाठी घेतील, आणि काही जण दर्जा टिकवण्यासाठी. दोन्ही कारणं समजण्यासारखी आहेत. फक्त आपलं कारण कुठलं, हे स्वतःला माहीत असावं.

गावात थांबणं म्हणजे हरणं?

भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती-इंदापूरकडे जातं. पानशेत-वरसगावचं पाणी पुण्याला. धरणाशेजारच्या गावातली पोरंही त्याच दिशेने जातात. त्यामुळे जो राहिला, तो मागे राहिला, असा समज पक्का झालाय.

शनिवारी-रविवारी उलटी वाहतूक असते. राजगड, तोरण्याला पुण्या-मुंबईहून ट्रेकर येतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी स्थापत्या’च्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात राजगड आहे. पुण्याच्या जवळ असल्यामुळे जमिनींना भाव आला, पानशेत-वेल्ह्याच्या रस्त्यांवर फार्महाऊस उभी राहिली. म्हणजे पैसा तालुक्यात येतोय. प्रश्न हा की शिकलेला मुलगा त्या फार्महाऊसचा वॉचमन होणार, की पायथ्याशी जेवण-मुक्कामाची सोय, गाईड, इंद्रायणी तांदळाची थेट विक्री असं स्वतःचं काही उभं करणार?

दुसरा पर्याय सोपा नाही. भांडवल लागतं, जमीन हातात असावी लागते, पावसाळ्यात आणि सुट्टीतच धंदा होतो. पण बी.कॉम. झालेल्याला हिशोब येतो, फोनवर जाहिरात करता येते, शासकीय योजनेचा फॉर्म वाचता येतो. गावात थांबून हे करणाऱ्याला ‘नोकरी लागली नाही म्हणून थांबला’ असं म्हणायची सवय मात्र आपण सोडायला हवी. निम्मी मुलं त्या शब्दांना घाबरूनच पुण्याची कॉट सोडत नाहीत.

मग करायचं काय?

शेवटच्या सेमिस्टरमध्ये असाल, तर या पाच गोष्टी करून ठेवा.

१. कागद आधी. सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला हातात घ्या. पदवी प्रमाणपत्र आपोआप घरी येत नाही, त्यासाठी विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर अजून केलं नसेल तर आता करा, भरती निघाल्यावर सेतू केंद्रात रांग लागते.

२. खर्च कागदावर मांडा. कॉट, मेस, अभ्यासिका, प्रवास, फॉर्मची फी. महिन्याचा आकडा काढा, त्याला बारानं गुणा आणि तो घरी दाखवा. आकडा बघून घरचे रागावतील ही भीती असते. पण न सांगितलेला आकडा मनात वाढत जातो.

३. शेवटची तारीख ठरवा. स्पर्धा परीक्षा करायची तर किती प्रयत्न, कुठल्या वर्षापर्यंत, हे आजच लिहून घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. आणि त्यासोबत दुसरी एक वाट चालू ठेवा, टॅली असो, बी.एड. असो किंवा अर्धवेळ काम.

४. ‘विद्यार्थी नसलेल्यांसाठी’ काय आहे ते बघा. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. १८ ते ३५ वयाच्या पदवीधरांना प्रशिक्षणाच्या काळात महिना १०,००० रुपये विद्यावेतन. आधी मुदत सहा महिने होती, नंतर अकरा झाली. शिक्षण चालू असलेल्यांना ही योजना लागू नाही, त्यामुळे पदवीनंतरच्या रिकाम्या काळात ती उपयोगी पडू शकते. ही कायमची नोकरी नाही हे धरूनच जा, आणि अर्ज करण्याआधी महास्वयं पोर्टलवर सध्याचे नियम वाचा.

५. झोप उडाली, जेवण जाईना, सगळं संपल्यासारखं वाटलं तर १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे. मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

पालक, काका, मामा वाचत असतील तर त्यांच्यासाठी एकच. “पुढं काय?” ऐवजी “पुढच्या तीन महिन्यांत काय करायचं ठरवलंयस, आणि त्यात काय लागेल?” असं विचारून बघा. याचं उत्तर देता येतं.

आणि धोरण ठरवणाऱ्यांसाठीही एक साधा मुद्दा. शेवटचा पेपर झाला की सगळ्या सवलती एका फटक्यात बंद होतात आणि पहिला पगार यायला अनेकदा वर्ष जातं. हा मधला काळ सरकारी कागदावर अस्तित्वातच नाही. निदान एसटीचा सवलतीचा पास पदवीनंतर वर्षभर चालू ठेवला, तरी भोर-वेल्ह्यातली किती तरी मुलं पुण्यात कॉट न घेता घरी राहून नोकरी शोधू शकतील.

तोवर, तुमच्या ओळखीतल्या कुणाच्या फेअरवेलची रील दिसली तर हार्ट टाकाच. पण आठवड्याभराने त्याला एक फोनही करा. पास तेव्हा संपलेला असतो.